ऑनलाइन बुद्धिबळ क्लास आणि एका आईचा प्रश्न

पांढरं_प्यादं (धागाकर्ता) | सोमवार, रात्री १०:५०

नमस्कार. मी नागपुरात त्रिमूर्तीनगरला राहतो, मुलांना बुद्धिबळ शिकवतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पट स्क्रीनवर गेला तो परत सतरंजीवर आलाच नाही. जुलै २०२५ मध्ये आपल्या दिव्या देशमुखनं बाटुमीला महिला विश्वचषक जिंकला, त्यातच ग्रँडमास्टरही झाली, आणि तेव्हापासून माझा फोन थांबत नाही. नागपूरला ग्रँडमास्टर नवे नाहीत. रौनक साधवानी आहे, संकल्प गुप्ता आहे. पण "सर, मुलीला घालायचंय" म्हणणाऱ्या आया दिव्यानंतर आल्या. ११ मुलं होती, ३४ झाली. नागपूर, यवतमाळ, वणी, एक मुलगी तर (गाव काढलं आहे, कारण खाली आहे). सगळ्यात लहान ७ वर्षांचा. शिवाय चार मोठी माणसं शिकतात. (इथं त्यांची वर्णनं होती, तीही काढली.)

मागच्या आठवड्यात एका आईचा फोन आला. फी विचारली, वेळ विचारली, रेटिंग कधी मिळेल तेही विचारलं. आणि ठेवता ठेवता म्हणाल्या, "माझी मुलगी तुमच्याशी बोलेल तेव्हा आणखी कोण असेल?" मी म्हटलं, ताई, काळजी करू नका, मीच असतो. त्या म्हणाल्या, "तेच तर विचारतेय."

फोन ठेवल्यावर आधी मला राग आला. मग झोप आली नाही.

माझा कारभार असा आहे. झूमवर आठवड्याला तीन बॅच. सगळ्यांचा मिळून एकच व्हॉट्सॲप ग्रुप, त्यात पालक कमी आणि मुलंच जास्त, कारण फोन त्यांच्याच हातात असतो. मोठी माणसंही त्याच ग्रुपात. स्पर्धा जवळ आली की ज्याचा त्याचा डाव बघायला रात्री नऊ-साडेनऊला एकेकट्याला वेगळा कॉल करतो. त्याचे पैसे घेत नाही. उलट मला वाटायचं, हीच माझ्या क्लासची खासियत.

जे ऑनलाइन शिकवतात, किंवा ज्यांची मुलं शिकतात, त्यांनी सांगा. तुमच्याकडे काय पद्धत आहे?


तर्री_जास्त | सोमवार, रात्री ११:१५

भाऊ, क्लास चांगला चालून राह्यला न तुमचा? मंग एका बाईच्या बोलण्यानं काहून डोक्याले ताप करून घेता? ज्याले भरोसा नाही त्यानं पोट्टे धाडू नये. माझ्या पोट्ट्याचा गणिताचा सर रात्री दहाले फोन करते. आम्ही तं खुश होतो बाप्पा, सर मेहनत घेऊन राह्यले म्हणून.


ऋतुजा_धरमपेठ | मंगळवार, सकाळी ७:०५

@तर्री_जास्त, इतवारीत सराफ सोनं आपल्यासमोर तोलतो तेव्हा त्याला राग येतो का? आणि नाही तोललं तर आपण घेतो का? त्या बाईंनी काटा बघायला मागितला, एवढंच.

धागाकर्ते, तुम्हाला राग आला हे तुम्ही कबूल केलंत, ते बरं केलंत. माझ्या मुलाच्या रोबोटिक्सच्या क्लासला मी हाच प्रश्न विचारला तर तिकडून "आमचे सगळे टीचर फार चांगले आहेत" असं उत्तर आलं. असतीलही. मी ते विचारलंच नव्हतं.

आणि कोणी सांगेल का, सरकारनं १६ वर्षांखालच्या मुलांचं कोचिंग बंद केलं होतं ना? मग हे सगळे क्लास कसे चालतात?


निवृत्त_हेडमास्तर | मंगळवार, सकाळी ८:३०

मी ३१ वर्षं मास्तरकी केली, त्यातली बरीचशी खेड्यात. आमच्या वेळी लेखी नियम कुठलाच नव्हता. पण घरी शिकवणी असली की ती ओसरीवर. पावसाळ्यात आत बसलो तर दार सताड उघडं. एखादी मुलगी शेवटी एकटीच उरली, की आमची सौभाग्यवती तांदळाचं सूप घेऊन बाहेर येऊन बसायची. ती कशाला येऊन बसते हे ना तिनं कधी सांगितलं, ना मी कधी विचारलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत होतं, मुलीला माहीत होतं, मलाही माहीत होतं.

तुमच्या झूमला ओसरी नाही. रात्री साडेनऊला मूल आपल्या खोलीत, तुम्ही आपल्या खोलीत, दोन्हीकडची दारं लावलेली. तुम्ही सज्जन असाल हो. पण उद्या तुमच्याकडे सहायक म्हणून एखादा पोरगा लागला, तर तोही याच खोलीत बसणार. सज्जनपणा माणसाबरोबर येतो-जातो, ओसरी मात्र घरालाच असते.


मेघमल्हार | मंगळवार, दुपारी १:२०

हेडमास्तरांची ओसरी पटली, पण माझी अडचण ऐका. मी शास्त्रीय गायन शिकवते, लक्ष्मीनगरला. ऑनलाइनमध्ये दोघांना एकदम गायला लावलं की आवाज मागंपुढं पोचतो, सम कुणाचीच कुणाला सापडत नाही. म्हणजे मला एकेकटंच शिकवावं लागतं. मग मी ओसरी कुठून आणू?

बरेच प्रयोग करून एक गोष्ट हाती लागली. हेडफोन चालणार नाहीत. मूल दिवाणखान्यात किंवा दार उघड्या खोलीत, आणि आवाज स्पीकरवर. हेडफोन लावला की दार लागलं म्हणून समजा. घरातल्या माणसानं शेजारी बसायची गरज नसते, कानावर पडलं तरी पुरतं. चौदा-पंधराच्या मुली आई समोर बसली की गळा उघडतच नाहीत. त्यांचंही बरोबर आहे, आवाज फुटताना कुणाला प्रेक्षक हवे असतात?

दुसरं, मुलांना मी वेगळा मेसेज कधीच करत नाही. प्रत्येकासाठी तिघांचा ग्रुप: मी, मूल आणि घरचं एक माणूस. बंदिशीचं रेकॉर्डिंग पाठवायचं तेही तिथंच, "उद्या क्लास नाही" तेही तिथंच. एकदा एका मुलीनं मला थेट लिहिलं, "टीचर, आज घरी खूप भांडण झालं." मी उत्तर दिलं, पण ग्रुपवर नाही दिलं, कारण भांडण घरच्याच माणसाशी होतं. अशा वेळी काय करायचं याचा नियम माझ्याकडे अजूनही नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या शाळेतल्या समुपदेशक बाईंशी तिला विचारूनच बोलले. बरोबर केलं की चूक, अजून ठरवता येत नाही.


अकोल्याची_लेक | मंगळवार, रात्री ११:४०

नेहमी नुसती वाचते. आज लिहिते.

मी चौदा वर्षांची होते. विषय कुठला, सर कोण, ते सांगणार नाही. सुरुवात वाईट नसते हो. सुरुवात फार छान असते. "तू बाकीच्यांपेक्षा वेगळी आहेस." घरी असं कुणी म्हणत नव्हतं. मग जास्तीच्या नोट्स, फक्त मला. "इतरांना सांगू नको, त्यांना वाईट वाटेल." बघा, यात सांगू नको म्हणण्यासारखं काही नव्हतंच. पण ते छोटं गुपित म्हणजे परीक्षा होती. मी कुणाला सांगितलं नाही, पास झाले. मग गुपितं मोठी होत गेली. रात्री साडेअकराला "झोपलीस का" असा मेसेज. मग "तुझ्या आईला तू कळतच नाहीस."

आईला सांगायला मला आठ महिने लागले. का, तर मला पक्कं माहीत होतं की पहिली शिक्षा मला होणार. फोन जाणार, क्लास बंद होणार, बाबा म्हणणार, तूच उत्तर कशाला दिलंस. आणि तसंच झालं. सरांचं काही झालं नाही. क्लास माझा बंद झाला.

म्हणून पालकांना एकच सांगते. मुलांना आधीच सांगून ठेवा, काही झालं नसतानाच: "तू मला काहीही सांगितलंस तरी फोन काढून घेणार नाही." आणि मग खरंच काढून घेऊ नका. हे दुसरं अवघड आहे.


तर्री_जास्त | बुधवार, सकाळी ६:५०

ताई, तुमचं वाचलं आणि माझं वरचं लिहिलेलं मलेच वाचवेना. ठेवतो तसंच, मिटवत नाही. काल रात्री पोट्ट्याले विचारलं, सर काय बोलते रे फोनवर. म्हणे, लसावि-मसावि. तरी आता फोन हॉलमध्येच घे म्हटलं.

धागाकर्ते भाऊ, राग नका येऊ देऊ, एक विचारतो. एका बाईचा फोन आला म्हणून माणसाची झोप उडत नाही. काही झालं का तुमच्याइथं?


पांढरं_प्यादं | बुधवार, रात्री १०:१०

हो. झालं.

ग्रुपमध्ये शिकणाऱ्या मोठ्या माणसांपैकी एकानं एका मुलीला वेगळे मेसेज करायला सुरुवात केली होती. नंबर माझ्याच ग्रुपवरून मिळाला. आधी डावाच्या लिंका, मग "तुझे सर तुला नीट शिकवत नाहीत, मी शिकवतो." मग एका वेबसाइटची पैसे भरून घ्यायची मेंबरशिप भेट. मग "आईला सांगू नको." मुलगी क्लासला यायची थांबली. आई म्हणाली, परीक्षा आहे. मी विश्वास ठेवला. बॅचमधल्या दुसऱ्या एका मुलानं मला सांगितलं, तेही बोलता बोलता.

मी त्या माणसाला फोन करून झापलं आणि ग्रुपमधून काढलं. मुलीच्या आईला अजून काही सांगितलेलं नाही. मला वाटलं, काढलं म्हणजे संपलं. त्यानंतर चौथ्या दिवशी त्या दुसऱ्या आईंचा फोन आला, ज्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं.


काळा_कोट | बुधवार, रात्री ११:३०

मी इथंच, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात वकिली करतो. थोडं कडक बोलतो.

आधी पहिली पोस्ट संपादित करा. त्या गावची तुमच्याकडे एकच मुलगी आहे असं तुम्हीच लिहिलंय. आता हे वाचलं की कोण ती हे क्लासमधल्या कुणालाही कळेल. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या कायद्याच्या, कलम २३ मध्ये मुलाचं नाव, पत्ता, फोटो, शाळा, कुटुंब, शेजार, ओळख पटेल असं काहीही माध्यमात देण्याला मनाई आहे. फोरम त्यात येतं की नाही हा वाद कोर्टात घालू, आता गाव काढा.

दुसरं, त्याला फोन करून झापलंत, म्हणजे पुरावा मिटवायला वेळ दिलात. "डिलीट फॉर एव्हरीवन" दाबायला किती सेकंद लागतात? अशा वेळी आधी मुलीच्या फोनवरचे स्क्रीनशॉट घ्यायचे, नंबर, तारीख, वेळ दिसेल असे, चॅट एक्स्पोर्ट करायचं, मग बाकीचं. समोरच्याला सापळ्यात पकडायला मुलीच्या नावानं आपण मेसेज करत बसायचं नाही. आणि प्रकरणात नको ते फोटो किंवा व्हिडिओ असतील तर ते "पुरावा" म्हणून स्वतःच्या फोनवर मागवून घ्यायचे नाहीत. मुलांचं असं साहित्य नुसतं साठवून ठेवणंही गुन्हा ठरू शकतं, सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते स्पष्ट केलंय. मुलीचा फोन जसा आहे तसा पोलिसांपुढे ठेवायचा.

आता कायदा. पॉक्सो २०१२ चा आहे, १८ वर्षांखालचं प्रत्येक जण त्यात मूल, मुलगासुद्धा. लैंगिक हेतूनं मुलाशी वारंवार संपर्क करत राहणं, प्रत्यक्ष असो की फोन-इंटरनेटवरून, हे कलम ११ मध्ये लैंगिक छळ म्हणून येतं, शिक्षा ३ वर्षांपर्यंत. हेतू काय होता ते तुम्ही ठरवायचं नाही, मीही नाही. तपास त्यासाठीच असतो. कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याचं ज्याला माहीत आहे, किंवा घडेल अशी भीती आहे, त्या प्रत्येकानं पोलिसांना कळवायचं. घडल्याचं माहीत असून कळवलं नाही तर कलम २१ मध्ये ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर १ वर्षापर्यंत. प्रामाणिकपणे कळवलेली माहिती पुढे टिकली नाही तरी कळवणाऱ्यावर बालंट येत नाही.

लोक पोलीस ठाण्याला घाबरतात, म्हणून हेही सांगतो. मुलीला ठाण्यात बोलवायची गरज नाही. जबाब घरी किंवा तिला हवा तिथं घेता येतो, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता, तिच्या विश्वासाचं माणूस जवळ असताना. नागपुरात महिला-मुलांसाठी पोलिसांचा भरोसा सेल आहे, शहर पोलिसांचं सायबर ठाणं आहे. गाव दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी तक्रार कुठल्याही ठाण्यात घ्यावी लागते, पुढे ती वर्ग होते. चाइल्डलाइन १०९८ वर आधी नुसतं बोललात तरी चालेल.

उद्या सकाळी मुलीच्या आईला भेटा. फोनवर सांगू नका.

@ऋतुजा_धरमपेठ, ती जानेवारी २०२४ ची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं. १६ वर्षांखाली प्रवेश नाही, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेला शिक्षक नेमायचा नाही, हे त्यात आहे. पण तिथं कोचिंगची व्याख्या ५० पेक्षा जास्त विद्यार्थ्यांची आहे, आणि खेळ, नृत्य, नाट्य असलं काही त्यात धरलेलंच नाही. बुद्धिबळाचा, गाण्याचा, चित्रकलेचा क्लास यातून सुटतो. म्हणजे नेमके तेच क्लास, जिथं एकेकट्याला शिकवलं जातं.


पांढरं_प्यादं | गुरुवार, रात्री ९:४५

गाव काढलं. आज सकाळी सहाच्या एसटीनं गेलो, आईला भेटलो. पुढचं इथं लिहिणार नाही. योग्य ठिकाणी गेलो एवढंच.

एकच सांगतो. आई म्हणाल्या, "तुम्ही पंधरा दिवसांपूर्वी का नाही आलात?" चहा झाला होता, तो मी पिऊ शकलो नाही.


वेगळी_वाट | शुक्रवार, दुपारी ४:००

धागा मुलांकडे वळला ते बरोबरच. पण पहिल्या पोस्टमध्ये (मी संपादनाच्या आधी वाचली होती) तुम्ही तुमच्या ऑटिझम असलेल्या विद्यार्थ्याबद्दल बरंच लिहिलं होतं. तो २४ वर्षांचा आहे. लिहायच्या आधी त्याला विचारलं होतं का?

माझा भाऊ २९ वर्षांचा आहे, बौद्धिक अक्षमता आहे. त्याला ऑनलाइन चित्रकला शिकवणाऱ्या बाई सगळं माझ्याशी बोलायच्या. फी, वेळ, त्याचं चित्र कसं झालं हेसुद्धा. तो शेजारीच बसलेला असायचा. मोठ्या माणसाला मूल समजलं की आपल्याला वाटतं आपण त्याला जपतोय. पण ज्याला कुणी कधी काही विचारतच नाही, तो "मला हे नको" म्हणायला शिकणार कुठे? आणि त्याला फसवणाऱ्याला नेमका असाच माणूस हवा असतो, सांगितलं की ऐकणारा.

माझ्या भावाचं असंच झालं. ग्रुपमधल्या एकानं "मित्र आहेस ना" म्हणत त्याच्याकडून तीन वेळा यूपीआयनं पैसे घेतले. तो कुणाशी खोटं बोलला नव्हता, आम्ही विचारलंच नव्हतं. विचारलं तेव्हा लगेच म्हणाला, "हो, मित्राला दिले." आता आमची साधी सोय आहे. पैसे, फोटो किंवा घरचा पत्ता कुणी मागितला की तो मला चित्र पाठवतो, थांब म्हणणाऱ्या हाताचं. चित्र त्यानंच काढलंय.

आणखी एक, जे पुष्कळ आईवडिलांना ठाऊक नसतं. मुलगा १८ चा झाला की तुम्ही आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाही. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, बहुविकलांगता यांच्यासाठी १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. क्लासवाले डोळे झाकून "पालकांची सही" घेतात, ती कुणाची आणि कशावर, ते बघत नाहीत. आणि दिव्यांग व्यक्तीवर अत्याचार होत असल्याचं कुणालाही कळलं तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ७ प्रमाणे कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवता येतं.


संत्रा_बर्फी | शुक्रवार, रात्री ८:१५

मोठ्यांचं निघालंच आहे तर. माझे बाबा ६८ वर्षांचे, आई गेल्यापासून एकटे, मानेवाडा रोडला राहतात. "शेअर मार्केट मोफत शिका" अशा ऑनलाइन क्लासला बसले. रोज सकाळी सर "सुप्रभात" म्हणायचे, बाबांचं नाव घेऊन. क्लासमध्ये दीडशे जण, सगळे नफ्याचे स्क्रीनशॉट टाकणारे. बाबा सोडून बाकी बरेचसे बनावटच असावेत. दोन महिन्यांनी एक ॲप, ॲपवर नफा दिसतोय, काढायला गेलं की "आधी टॅक्स भरा."

मी ओरडले त्यांच्यावर. अकोल्याच्या ताईंनी लिहिलंय तसंच, पहिली शिक्षा त्यांनाच. आता वाटतं, ते पैशासाठी गेलेच नव्हते. रोज सकाळी नाव घेऊन कुणीतरी सुप्रभात म्हणायचं.

१९३० वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन केला, पण सहाव्या दिवशी. तिथं कळलं की पैसे पुढच्या खात्यांत सरकायच्या आत कळवलं तर गोठवता येतात. थोडे मिळाले. ज्यांच्या घरी असं होईल त्यांनी आधी १९३० लावा, भांडण मग करा.


गायत्रीनगर_आयटी | शनिवार, सकाळी १०:३०

तांत्रिक बाजूचं थोडं. व्हॉट्सॲपच्या साध्या ग्रुपात सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात, तुमचा घोळ तिथंच झाला. कम्युनिटी करून तिचा घोषणांचा ग्रुप वापरला तर सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. झूममध्ये वेटिंग रूम चालू ठेवा, मुलांचा आपसातला खासगी चॅट बंद करा, नाव बदलायची मुभा काढा, नाहीतर कोण कुणाच्या नावानं आत येतो कळत नाही. लिंक दर महिन्याला बदला. लिचेसवर, म्हणजे बुद्धिबळ खेळायच्या मोफत साइटवर, लहान मुलांसाठी किड मोड आहे, त्यात निरोपानिरोपी बंद होते, लोगोशेजारी हसरा चेहरा दिसतो, म्हणजे चालू आहे ते कळतं.

रेकॉर्डिंगचं मात्र मी सांगणार नाही, कारण माझं मत लोकांना आवडत नाही. सगळे म्हणतात रेकॉर्ड करा, पुरावा राहतो. ३४ मुलांचे चेहरे, आवाज, मागची घरं तुमच्या लॅपटॉपवर. लॅपटॉप दुरुस्तीला सीताबर्डीत जाणार. मग?


ऋतुजा_धरमपेठ | शनिवार, सकाळी ११:००

मत सांगणार नाही म्हणून सांगितलंतच की :)

पण बरोबर आहे. माझ्या मुलाच्या क्लासनं रेकॉर्डिंगचे तुकडे इन्स्टावर टाकले होते, "आमचे छोटे शास्त्रज्ञ" म्हणून. आम्हाला विचारलं नव्हतं.


काळा_कोट | शनिवार, दुपारी १२:१५

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. ज्या दिव्यांग व्यक्तीला कायदेशीर पालक आहे, तिथं त्या पालकाची. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम निघाले, सगळी बंधनं टप्प्याटप्प्यानं लागू होतील. तोपर्यंत थांबायची गरज नाही. एकट्या मुलाचा कॉल रेकॉर्ड करायचा असेल तर घरच्यांच्याच फोनवर करा, तुमच्याकडे काही ठेवू नका.

चारित्र्य प्रमाणपत्राबद्दल दोन जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला. पोलिसांकडून ऑनलाइन अर्ज करून मिळतं, सहायक नेमताना जरूर मागा. पण ज्याच्यावर कधी तक्रारच झाली नाही त्याचा कागद कोराच येतो. अकोल्याच्या ताईंच्या सरांचाही येईल. आधी जिथं शिकवत होता तिथं फोन करून विचारा, "परत ठेवाल का?" उत्तराआधी समोरचा किती वेळ थांबतो तेही ऐका.


मेघमल्हार | शनिवार, दुपारी ३:४०

धागाकर्ते, एक राहिलंच. मुलांनी काही झालं तर सांगायचं कुणाला? तुम्हाला. बरं, आणि तुमच्याबद्दलच सांगायचं असेल तर?


पांढरं_प्यादं | (सहा आठवड्यांनी) रविवार, सायंकाळी ७:२०

धागा वर काढतोय. काय जमलं, काय नाही ते सांगतो.

जुना ग्रुप मोडला. आता प्रत्येक मुलामागे तिघांचा ग्रुप, मेघमल्हार ताईंच्या पद्धतीनं. ३४ ग्रुप सांभाळणं म्हणजे डोक्याला व्याप आहे, दोनदा भलत्याच ग्रुपवर भलत्याचा डाव टाकला. रात्रीचे कॉल बंद. एकट्याचा डाव संध्याकाळी साडेसातच्या आत, स्पीकरवर, घरात कुणीतरी कानाच्या टप्प्यात. दोन पालक म्हणाले, आम्हाला तेव्हा वेळ नसतो. त्यांच्या मुलांचे डाव आता मी लिहून पाठवतो, बोलून नाही. एका वडिलांनी दोन्ही मुलं काढली. म्हणाले, "इतके नियम लावले म्हणजे तुमच्याकडे काहीतरी झालं असणार." त्यांना खोटं सांगता आलं नाही, खरं सांगायचा अधिकार नव्हता.

मोठ्यांची बॅच वेगळी केली. २४ वर्षांच्या त्या विद्यार्थ्यानं विचारलं, "मी काय केलं?" (हे त्याला विचारून लिहितोय, त्यानं वाचून दोन शुद्धलेखनाच्या चुकाही काढल्या.) त्याला वाटलं, शिक्षा झाली. वेगळी_वाट ताईंचं आठवलं, म्हणून त्याच्याशीच बोललो, घरच्यांशी नाही. त्यानं अट घातली: रविवारची सगळ्यांची स्पर्धा बंद करायची नाही. ती चालू आहे, चॅट बंद ठेवून.

माझ्याबद्दलच्या तक्रारीसाठी ओळखीच्या एका निवृत्त महिला डॉक्टरांना विनंती केली. क्लासशी त्यांचा संबंध नाही, बुद्धिबळ येत नाही. त्यांचा नंबर सगळ्या घरांत दिला, आणि महिन्याच्या पहिल्या क्लासला मुलांना तो आणि १०९८ असे दोन्ही मोठ्यानं वाचून दाखवतो. पहिल्यांदा वाचला तेव्हा सगळ्यात लहान पठ्ठ्यानं विचारलं, "१०९८ वर पण चेस शिकवतात का?"

ती मुलगी परत आलेली नाही. मी विचारत नाही.


तर्री_जास्त | रविवार, सायंकाळी ७:५५

आणि ते फोनवाल्या बाई? ज्यायनं हे सारं सुरू केलं?


पांढरं_प्यादं | रविवार, रात्री ८:१०

फी अजून भरलेली नाही. काल ट्रायलला मुलीला बसवलं होतं. स्वतः मागं जमिनीवर बसून मेथी निवडत होत्या, कॅमेऱ्यात अर्ध्याच दिसत होत्या.


निवृत्त_हेडमास्तर | रविवार, रात्री ८:२५

मेथी निवडून झाली का क्लास संपेपर्यंत?


पांढरं_प्यादं | रविवार, रात्री ८:३०

नाही जी. फुकटचं झूम आहे, चाळीस मिनिटांत बंद पडलं. परत जोडलं तेव्हा मुलगी आणि जुडी दोन्ही जागेवर होत्या.